दोन काठांवरून

करोनाच्या त्या उन्हाळ्यात आमची शाळा बंद होती आणि नदीवरचा पूलही. पलीकडच्या गावाने पुलावर आडवे बांबू बांधून पाटी लावली होती, बाहेरच्यांना प्रवेश नाही. मी कर्जतची, म्हणजे बाहेरची. माझी मैत्रीण त्या गावात दिलेली. आम्ही दोघी एकाच शाळेत शिकवतो आणि वर्षानुवर्षं एकमेकींच्या डब्यातलं खातो. फोनवर रोज बोलत होतो, पण एके दिवशी ती म्हणाली, "तोंड बघितल्याशिवाय बोलल्यासारखं वाटत नाय गं. संध्याकाळी नदीवर ये. तू तुझ्या काठानं चाल, मी माझ्या."

तशा आम्ही चालायला लागलो. तिच्याकडे शेताची छान पायवाट होती. माझी वाट लोकांच्या परसामागून, बाभळीच्या काट्यांतून जात होती. मध्ये उन्हाळ्याची रोडावलेली नदी. तोंडावरचे रुमाल हनुवटीवर ओढले, तरी ओरडल्याशिवाय ऐकू जात नव्हतं. सुरुवातीला लाज वाटली. मग सासवा, गुडघे, मोबाइलवरून शिकवताना उडणारी तारांबळ, सगळं ओरडून झालं. किती दिवसांनी मी एवढी हसले होते.

तिने पिशवीत रायवळ आंबे आणले होते. "झेल," म्हणत एक फेकला. तो पाण्यात पडला आणि वाहत माझ्या काठावर कपडे धुणाऱ्या एका बाईपाशी गेला. तिने तो उचलला, पदराला पुसला आणि खायला लागली.

"दुसरा टाकते," मैत्रीण ओरडली, आणि त्याच दमात म्हणाली, "अगं, लेकीला स्थळ आलंय. पोरगा रसायनीला कंपनीत हाय. मोबाइलवर बघितला, पण घरदार बघायला जाणार कसं? जिल्हाभर नाकाबंदी. नकोच कळवावं म्हणतेय."

मी काही बोलणार, तोच आंबा खाणारी बाई उभी राहिली. "कुठलं गाव त्याचं?"

मैत्रीण गोंधळली, पण तिने गाव सांगितलं.

"तिथं माझी भयीन दिलीय," बाई म्हणाली. "आडनाव काय?"

आता काठाकाठाने आडनाव ओरडणं आलं. मैत्रिणीने इकडेतिकडे बघून तेही सांगितलं.

"त्यांचं घर भयनीच्या आळीतच हाय. आय जरा बोलकी हाय, पन मानसं चांगली. पोरगा बंदमधी म्हाताऱ्यांना औषधं आनून देतोय, भयीन सांगत व्हती. खुशाल द्या पोरगी."

मैत्रीण काठावर बसलीच. मग एवढ्या जोरात हसली की बगळे उडाले. "आणि मी नवऱ्याला म्हटलं होतं, एवढ्यात कुणाला कळू द्यायचं नाय."

त्या रात्री तिने बाईच्या बहिणीला फोन लावला, मग मुलाच्या आईला. ती खरोखर बोलकी निघाली. दोघी तासभर बोलल्या. नकार कळवायचं राहूनच गेलं.

दिवाळीनंतर मैत्रिणीच्या अंगणात मोजक्या माणसांत लग्न झालं. त्या मोजक्यांत कपडे धुणाऱ्या बाईंचं नाव मैत्रिणीने आधी धरलं होतं. मी त्यांना माझ्या स्कूटरवर बसवून नेलं. नवी साडी नेसून त्या मांडवात पुढे बसल्या आणि येईल त्याला सांगत राहिल्या, "ह्ये लगीन मी जुळवलं." मुलाच्या आईला त्यांनी बोलायला जागाच ठेवली नाही.