मी फक्त गोवंडी म्हटलं

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलं नाही. नवऱ्याजवळ नाही, मुलीजवळ नाही, आणि ज्याच्यापासून हे सुरू झालं त्या सख्ख्या भावाजवळ तर नाहीच नाही. तुमच्याजवळ बोलते, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखीच्या माणसाजवळ खरं बोलायची मला सवयच नाही. मध्येच उठून गेलात तरी मी काही म्हणणार नाही.

मला टीबी झाला होता. बघा, एवढं म्हणायलाही मला इतकी वाक्यं लागली. आणि तोही साधा नाही, नेहमीच्या गोळ्यांना भीक न घालणारा. दीड वर्ष औषधं खाल्ली. चेहरा काळवंडला, पावलांना अजून मुंग्या येतात, पण आता मी बरी आहे. नाही, आजारपणाचं रडगाणं गायला मी बसलेली नाही. आजारी पडणं हा गुन्हा नाही, एवढं मलाही कळतं. मी जे केलं ते वेगळंच आहे — आणि बघा, अजूनही त्याच्याभोवती घिरट्याच घालते आहे.

आमच्या घरात रोगाला नाव द्यायची पद्धत नव्हती. माणसांना नावं ठेवायची, ती मात्र भरपूर. माझे वडील, अण्णा, गिरणीत होते. वर्षभर खोकून खोकून ते गेले, तो ‘कापसाचा खोकला’. धाकटा भाऊ मनोज, त्याला झाली ती ‘ॲलर्जी’. बोरिवलीला आमच्या माहेरच्या बिल्डिंगमध्ये आजही कुणाला विचारा, मनोजला धुळीची ॲलर्जी होती असंच सांगतील. डॉक्टरांनी त्याला सहा महिन्यांचा कोर्स दिला होता. अडीच महिन्यांत खोकला थांबला, गालावर मांस आलं, आणि लग्न ठरलं. त्या गोळ्यांनी लघवी लाल होते. लग्नाआधी आठ दिवस कणकवलीला होणाऱ्या सासुरवाडीला जायचं होतं — तिथे कुणी पाहिलं, विचारलं, तर? मनोजने गोळ्या बंद केल्या. आईला माहीत होतं. मलाही माहीत होतं. आम्ही दोघींनी काय केलं? त्याच्या केळवणाचा बेत ठरवला.

दोन वर्षांनी त्याची ‘ॲलर्जी’ परत आली. त्याची बायको बाळंतपणाला माहेरी गेली होती, आईला झेपत नव्हतं, म्हणून मी बँकेतून पंधरा दिवस रजा काढून बोरिवलीला राहिले. शेजाऱ्यांना खोकला ऐकू जाऊ नये म्हणून आम्ही खिडक्या लावून घेत होतो आणि टीव्ही मोठा ठेवत होतो. त्या बंद खोलीत मी त्याला पेज भरवत होते. शेवटी मोठ्या इस्पितळात नेलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, औषध अर्धवट सोडलंत, आता हा रोग निर्ढावला, जुन्या गोळ्या चालायच्या नाहीत. हे मी माझ्या कानांनी ऐकलं. त्यामुळे पुढे मला हा कुणाकडून आला, याचं कोडं मला कधीच पडलं नव्हतं. हे लक्षात ठेवा. मी अजाण नव्हते.

चार-पाच महिन्यांनी मला खोकला सुरू झाला. संध्याकाळी अंग कढत व्हायचं. मग मी काय केलं असेल? घराण्याची रीत पाळली. आमच्या समोरच्या बिल्डिंगचं रिडेव्हलपमेंट चालू होतं, सगळ्या मुलुंडमध्ये चालू आहे, तेव्हा धूळ तयारच होती. दोन महिने मी त्या धुळीला बोल लावत राहिले. नवरा आणि मुलगी सकाळी सातलाच बाहेर पडायचे, रात्री जेवायला परत. म्हणजे माझा खोकला खरा कुणी ऐकला असेल तर तो शालनने.

शालन माझ्याकडे नऊ वर्षं कामाला होती. मूळची जालन्याकडची. नवरा सोडून गेलेला, दोन मुली शाळेत. आमच्या सोसायटीत तिची पाच घरं होती, पहिलं माझं. सकाळी ती आली की स्वयंपाकघराचं दार लावून आम्ही दोघी चहा प्यायचो — धूळ येते ना! मला उबळ आली की ती पाठ चोळायची. तुळस, आलं, गवती चहा, कसला कसला काढा करून द्यायची. माझी अंथरुणं तिने झटकली, माझे रुमाल तिने धुतले. आणि मी? मनोजला काय झालंय ते माहीत असलेली मी, तिच्या तोंडासमोर बसून दोन महिने खोकत राहिले.

मग तपासणी झाली, नाव निघालं. एक आरोग्यसेविका घरी आली. भली बाई होती, घाई न करता बोलत होती. तिने विचारलं, तुमच्या जवळ रोज कोण कोण असतं? त्यांनाही तपासायचं असतं. मी सांगितलं, दोघं, नवरा आणि मुलगी. तिने दोन नावं लिहिली. शालन तेव्हा आत भांडी घासत होती, नळाचा आवाज येत होता. मी तिचं नाव का सांगितलं नाही? सांगितलं असतं तर खोकला कधीपासून आहे हे तिला विचारलं गेलं असतं, आणि तिने खरं तेच सांगितलं असतं. मनोजचं नावही मी घेतलं नाही, हे तुम्ही ओळखलंच असेल.

आरोग्यसेविकेने जाताना वॉचमनला आमच्या विंगचा जिना विचारला, की आणखी काही झालं, कोण जाणे. दोन दिवसांत सोसायटीत कुजबुज सुरू झाली. आणि आमच्या सेक्रेटरींच्या पत्नी, पाटणकर काकू, मला लिफ्टपाशी भेटल्या. आवाजात साखर. तुझ्यासारख्या घरात हे आलंच कसं गं, म्हणाल्या. आता यापुढचं जसं झालं तसंच सांगते.

“तुझी ती बाई राहते कुठे गं?”

“गोवंडी,” मी म्हटलं.

झालं. एवढंच. एक शब्द, आणि तोही शंभर टक्के खरा. कुठल्या कोर्टात मला कुणी खोटारडी म्हणणार नाही. पण मला ठाऊक नव्हतं का, तो शब्द आमच्या सोसायटीत कसा ऐकला जातो? गोवंडी म्हणजे डम्पिंग ग्राउंड, गोवंडी म्हणजे कोंदट खोल्या, गोवंडी म्हणजे टीबी — हे सगळं त्यांच्या डोक्यात आधीच शिजून तयार होतं, मला फक्त झाकण काढायचं होतं. काकूंनी ‘अगं बाई!’ म्हणून कपाळाला हात लावला. मी मान खाली घातली. ती मान खाली घालणं म्हणजे त्या शब्दापेक्षा मोठं खोटं होतं.

वाईट वाटलं का? नाही. सुटल्यासारखं वाटलं. तोवर लिफ्टमध्ये माझ्याबरोबर कुणी चढत नव्हतं; त्या संध्याकाळपासून दाराशी डबे यायला लागले. मुगाचं कढण, मऊ भात, कुणी खजूर. बिचारी, बाईकडून लागलं हिला! मी ते कढण प्यायले. छान झालं होतं.

आठवड्याभरात शालनची बाकीची चारही घरं गेली. गेटवर वॉचमनच्या फोनमध्ये ते ॲप असतं ना, त्यात तिच्या नावापुढे लाल खूण आली, प्रवेश बंद. कुणी तिला धड कारणही सांगितलं नाही. सोसायटीच्या ग्रुपवर मात्र कामवाल्या बायकांचे तब्येतीचे दाखले मागायचा ठराव झाला आणि त्याखाली पंचवीस जणांनी हात जोडले. त्यात माझा नवराही होता. त्याला मी मनोजचं काही सांगितलेलंच नव्हतं, त्याला दोष कसा देऊ?

प्रवेश बंद झाल्यावर चौथ्या दिवशी शालन स्वतःहून छातीचा एक्स-रे काढून गेटवर आली. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती तो उन्हात धरून दाखवत होती. कुणी थांबलं नाही. मी खाली उतरले — मला वॉचमनने बोलावलं म्हणून, आपणहून नाही. तोंडाला मास्क बांधून सहा हात लांब उभी राहिले.

“ताई, बघा, काहीच नाही निघालं,” ती म्हणाली. “तुम्ही सांगा ना त्यांना. तुमचं ऐकतील.”

ऐकलंही असतं. एका वाक्याचं काम होतं. हिच्याकडून नाही, मला माझ्या भावाकडून आलाय. बस. पण मनोजचं बाळ तेव्हा चार-पाच महिन्यांचं होतं आणि त्याच्या सासरी कुणाला काही माहीत नव्हतं. माझ्या मुलीसाठी स्थळं बघणं चालू होतं, ‘खानदानातच टीबी’ हे लेबल लागलं असतं. ही कारणं मी मोठ्या चवीने अनेकदा चघळली आहेत. त्यांत दम नाही. खरं एवढंच की शालनच्या पोटावर पाय आला तर माझं काही बिघडत नव्हतं, आणि खरं बोलले तर बिघडत होतं. मी म्हटलं, “बघते.” आपल्याकडे ‘बघते’ म्हणजे काय, ते तिलाही कळत होतं. तरी ती हो म्हणाली आणि एक्स-रे पिशवीत घालून गेली. मी दुसरी बाई लावली, भांडुपची.

त्यानंतर जवळजवळ दीड वर्ष मी तिची चौकशी केली नाही. नंबर होता. नुसता होता.

माझं औषध संपलं तेव्हा शेवटच्या तपासणीला मी इस्पितळात गेले होते. सकाळची वेळ, बाकांवर मास्क लावलेली माणसं. ‘ताई’ अशी हाक आली. मी ओळखलं नाही हो. मग डोळ्यांवरून ओळखलं. शालन अर्धी राहिली होती, आणि तिचा चेहरा माझ्यासारखाच काळवंडला होता, त्याच गोळ्यांनी. ती सांगत होती, भंगाराच्या गोदामात प्लास्टिक निवडायला जात होते, तिथेच खोकला सुरू झाला; महिनाभर साध्या गोळ्या दिल्या, त्या चालल्याच नाहीत. धाकटीला गावी आजीकडे ठेवलंय. थोरलीने शाळा सोडली, ती घर बघते. तिने फाईल पुढे केली — मला वाचता येतं म्हणून, इंग्रजी आहे म्हणून. मी वाचली. कुठली औषधं लागू पडत नाहीत त्यांची यादी होती. ती यादी मला पाठ होती, माझ्या फाईलमध्येही तीच आहे.

मी विचार करत होते, आता ही मला विचारणार. विचारलं असतं तर कदाचित — नाही, कदाचित वगैरे काही नाही. तिने विचारलंच नाही. तिने भलतंच केलं. बाकावरून उठून, सगळ्या माणसांच्या देखत, माझ्या पायाशी वाकली.

“ताई, माझ्यापायीच झालं ना ओ तुम्हाला? माझ्यात आधीपासून असंल, फोटूत दिसलं नसंल. आईशप्पथ, मला ठावंच नव्हतं. मी उगाच तुमच्यावर राग धरला. माफ करा मला.”

मी तिला दंडाला धरून उठवलं. तिचा दंड माझ्या मुठीत मावला. आणि मी काय म्हटलं ठाऊक आहे? मी म्हटलं, “जाऊ दे गं शालन. तू काय मुद्दाम केलंस?”

ती रडली. मग डोळे पुसले, आणि तिला खरंच हलकं वाटलेलं दिसलं. मी तिला माफ केलं होतं.