काट्याचा होकार

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही—आणि तिच्यापुढे तर मी न केलेली पापंही कबूल करतो.

डिचोलीतल्या एका खाण कंपनीत मी सॉफ्टवेअरचा प्रमुख होतो. वजनकाटा, ट्रकांच्या फेऱ्या, जेटी—प्रत्येकाची प्रणाली वेगळी, एकीचं दुसरीला कळत नसे. प्रत्येकीची स्वतंत्र सेवा, म्हणजे एकच काम करणारा छोटा प्रोग्राम, करायची आणि मधल्या एका टूलने सगळ्या जोडायच्या, ही माझी योजना. कोंकणी की मराठी यावरून सोयऱ्यांनी एकमेकांकडे जेवणं सोडलेला हा मुलूख—आणि मी सगळ्यांना एका भाषेत बोलायला लावणार होतो. साहेब खूश. उद्घाटन ठरलं. संगणकाला झेंडूची माळ घातली, समई आली, फीत आली. कात्री तेवढी ऐनवेळी शिंप्याकडून आणावी लागली.

काट्याची सेवा नंदाने लिहिली होती. धारगळची मुलगी, कंत्राटावर. ट्रकात माल जास्त असेल तर ‘नाही’ म्हणायचं, एवढंच त्या सेवेचं काम. पण उद्घाटनाच्या सकाळी मी निवडलेलं, मीच वाखाणलेलं टूल तिच्या सेवेशी बोलेना. मग मी काय केलं? चाचणीपुरती बनवलेली एक नकली सेवा तिच्या जागी जोडली. तिला काहीही विचारा—ती ‘होय’ म्हणते. टाळ्या वाजल्या.

दुसऱ्या दिवशी काढणार होतो. पण मग टूल चालत नाही हे कळलं असतं—आणि माझा फोटो तर फलकावर लागला होता.

काही आठवड्यांनी जास्त भरलेला एक ट्रक उतारावर कलंडला. कुणी मेलं नाही—हे वाक्य मी फार वर्षं जपून ठेवलंय. साहेबांनी बैठकीत विचारलं, काट्याने तो सोडलाच कसा?

“साहेब, जास्त मालाक माझी सर्व्हिस होय म्हणायचीच नाय,” नंदा म्हणाली. आणि तिने माझ्याकडे पाहिलं.

खरंच होतं ते. तिच्या सेवेला कुणी विचारलंच नव्हतं.

“कोड तपासायला हवा,” मी म्हणालो. इतकंच. टूलचा गुंता एव्हाना मला सुटला होता. बैठकीनंतर मी गुपचूप नकली सेवा काढून तिची जोडली. काटा बरोबर चालू लागला. सगळे म्हणाले, नंदाची चूक दुरुस्त झाली. मीही मान हलवली—हलवली ना? हलवली. तिचं कंत्राट वाढवलं नाही.

गेल्या वर्षी मोपाच्या विमानतळावरून घरी येताना धारगळला थांबलो. हायवेवर तिचं झेरॉक्सचं दुकान आहे. तिने ओळखलं, आग्रहाने चहा मागवला, मुलांची चौकशी केली. मग म्हणाली, “तो कोड अजून कधीतरी मनात वाचत बसते, बाब. चूक काय ती गावत नाय.”

गावणार नव्हतीच.

मी चहा संपवला आणि म्हणालो, “होतं असं.”