उपरण्याखालचा सौदा

लिहिण्याचा मला अधिकार नाही, हे आधीच मान्य करते. मुलींच्या शाळेत इतकी वर्षे निबंध तपासले. पण स्वतःचा मजकूर छापायला देण्याचे धाडस कधी झाले नाही. शिवाय ज्यांच्याविषयी लिहायचे ते ना पुढारी, ना पंडित. नंदुरबारच्या मिरचीबाजारातले एक दलाल. वाचकांनी हा आगाऊपणा पोटात घालावा.

मागच्या महिन्यात नंदुरबारची मोटार तळोद्याला थांबली आणि ड्रायव्हरने टपावरचे पोते उतरवता उतरवता सांगितले, "बाई, चंपालालशेठ गयात ना." मी 'कधी?' असे विचारू गेले, तर तो एवढासा शब्द घशातच राहिला. पुष्कळ वर्षांनी असा राहिला...

लहानपणी मी फार अडखळत बोले. वडील एका वकिलाकडे कारकून होते. त्यांनी मधात उगाळलेले वेखंड जिभेला लावून पाहिले, आगगाडीने सुरतेला नेले. तिथल्या डॉक्टरांनी घशात डोकावून जीभ निरोगी असल्याचे सांगितले, आणि ती निरोगी जीभ घेऊन आम्ही परत आलो. वाचेवर उपाय करणारा माणूस कुठे आहे का, असे वडील भेटेल त्याला विचारीत. शेजारच्या म्हातारीने तर निकालच दिला, "पोर शे. कमी बोलनी ते सासरलेच सुख!" घरात आत्याचा शब्द चाले. ती म्हणाली, "यंदा शाळेच्या तपासणीला डेप्युटीसाहेबांपुढे हिने तोंड उघडले नाही, तर शाळा पुरे." वडिलांनी मान हलवून होकार दिला. शाळेवाचून मला दुसरे काहीच नको होते.

त्याच सुमारास वर्षाची मिरची घ्यायला वडिलांबरोबर बाजारात गेले. तिथे भाव तोंडाने ठरत नसे. दलाल आणि गिऱ्हाईक उपरण्याखाली हात धरीत आणि एकमेकांची बोटे दाबून सौदा करीत. मारवाडी पगडीतल्या एका उंच गृहस्थांनी, म्हणजे चंपालालशेठांनी, मला नाव विचारले. मी 'प्र'वर अडले. वडिलांनी नेहमीप्रमाणे माझे नाव सांगून टाकले.

"तुम्हले नई इचारं, भाऊसाहेब," ते म्हणाले, "पो... पो... पोरले इचारं."

माझी नक्कल करतात असे वाटून मला रडू फुटले. पण वर पाहिले, तर त्यांच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या, डोळे मिटले होते. ते दुखणे मला आतून ओळखीचे होते. हा व्यापार आपण का पत्करला, ते त्यांनी पुढे हसत सांगितले, "आठे बजारमा बोटंच बोलतस, बेटा. जीभले सुट्टी!"

मी त्यांना काका म्हणू लागले, आणि वडिलांच्या परवानगीने बाजार उठल्यावर त्यांच्या ओट्यावर आमची शिकवणी सुरू झाली. शेजारी त्यांच्या पत्नी, काकी, मिरच्यांची देठे खुडीत बसत. उपरण्याखाली काका माझे एक बोट दाबीत, मी एक शब्द म्हणे. दुसरे दाबीत, दुसरा म्हणे. पहिल्याच दिवशी सवयीने त्यांनी चार बोटे एकदम आवळली आणि स्वतःच दचकले, "हाऊ ते भाव व्हई गया!" काकी पदर तोंडाला लावून हसल्या. मी घाईला आले की ते म्हणत, "शब्द काय पयी जास का? बसू दे त्याले." आणि तो पळून जाणार नाही अशा खात्रीने खरोखर बसू देत. मी अडले तरी त्यांनी माझा शब्द कधी पुरा केला नाही. दारात गिऱ्हाईक ताटकळत असले, तरीही नाही.

डेप्युटीसाहेब आले. मी पदराखाली स्वतःचेच बोट धरून उभी राहिले, तोच ते म्हणाले, "हातात काय लपवलेस? दोन्ही हात पुढे कर." हात पुढे आले, आणि बोटांबरोबर सारे शब्दही गेले असे वाटले. आमच्या वर्गाच्या बाई खाली पाहू लागल्या. आत्याचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढे आला. तेव्हा कसे कोण जाणे, लुगड्याच्या घोळाआड मी पायाचा अंगठा जमिनीवर दाबला. एक शब्द. पुन्हा दाबला... नाव सांगितले, गाव सांगितले, कविताही म्हटली. हळू म्हटली, दोनदा अडले, पण पुरी केली.

काकांना सांगितले, तर ते मांडीवर थाप मारून म्हणाले, "आते पायना बी सौदा व्हई!" शाळा टिकली. पुढे मी धुळ्याला शिकले, शिक्षिका झाले. माझे अडखळणे पुरते गेले नाही. त्यांचेही गेले नव्हते. दोघांनी त्याच्याशी जमवून घेतले, एवढेच.

परवा समाचाराला गेले होते. खुंटीवर ते उपरणे तसेच होते, मधोमध विरलेले. काकींनी ते माझ्या मांडीवर ठेवले आणि मला एकदम शिंक आली. इतक्या धुण्यांनंतरही मिरचीचा खाट त्यातून गेला नव्हता. "देखं?" काकी म्हणाल्या, "आजून छळतस." आम्ही दोघी हसलो.

माझ्या वर्गात यंदा एक मुलगी 'म'वर अडते. बाकीच्या मुली तिचा शब्द पुरवायला हात वर करतात. मी मान हलवून त्यांना थांबवते, टेबलाखाली बोट दाबते आणि वाट पाहते. कधी कधी पुष्कळ वाट पाहावी लागते...

आपल्या घरातले एखादे मूल असे मध्येच अडले, तर आपण त्याचा शब्द स्वतःच म्हणून टाकता, की थांबता?