दोन्ही मतं

पन्नास वर्षं इंग्लंडमध्ये काढूनही श्यामलाबाई तांबवेकरांनी मतदान केंद्र आतून कधी पाहिलं नव्हतं. म्हणजे मत दिलं नव्हतं असं नाही. मत दर निवडणुकीला जाई, टपालाने, आणि त्यांच्याच नावाने जाई. फक्त ते देत असत ज्ञानेश्वरराव. लंडनच्या कडेच्या पिनरमधल्या त्या घरात सगळ्याच कागदांचं असं होतं. बँकेचा असो, कौन्सिलचा असो की गॅसवाल्यांचा, ज्ञानेश्वरराव तो वाचत, भरत आणि बोट ठेवून म्हणत, "इथे कर गं सही." बाई सही करत. सही मात्र सुरेख होती, मिरजेच्या शाळेत घोटून घेतलेली.

यात कुणाला जुलूम दिसत असेल तर दिसो, श्यामलाबाईंना तो कधी दिसला नाही. बावीस वर्षं त्यांनी शाळेच्या स्वयंपाकघरात दोनशे पोरांना बटाटे वाढले होते. पाय सुजवून घरी आल्यावर आणखी फॉर्म कोण वाचणार? कुणीतरी वाचतंय, याचा त्यांना आधारच वाटे. आणि ज्ञानेश्वरराव माणूस चांगला होता. तापट, हट्टी, स्वतःची चूक कबूल करताना ज्याच्या घशात काटा अडके असा, पण चांगला.

दनुता शेजारी राहायला आली ती २००५ साली. पोलंडची. नवरा गवंडीकाम करी, आणि ती घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांना अंघोळ घाली, औषधं देई. आधी कुंपणापलीकडून नुसतं हसणं, मग हवापाण्याच्या गप्पा, आणि वर्षभरात दनुता दर मंगळवारी दुपारी श्यामलाबाईंच्या स्वयंपाकघरात ठाण मांडून बसू लागली. दोघींचं इंग्रजी यथातथाच, आणि त्यामुळेच त्यांचं जमलं. बाईंचा मुलगा अनिश इतका भरभर बोले की बाई अर्ध्यातच समजल्यासारखी मान हलवत. महाराष्ट्र मंडळातल्या बायका सुनांच्या नोकऱ्यांपलीकडे जात नसत. दनुताशी मात्र एकेक शब्द हुडकत, हातवारे करत, हसत बोलायचं. कुणालाच घाई नसे. परदेशात आल्यापासून बाईंना अशी मैत्रीण मिळाली नव्हती, आणि आता मिळेल अशी आशाही त्यांनी कधीच सोडून दिली होती.

उन्हाळा आला की दनुता त्यांना गाडीतून वेम्बलीला, इलिंग रोडवर घेऊन जाई, लोणच्याच्या कैऱ्या आणायला. २०१६ च्या जूनमध्ये कैऱ्या आल्या, आणि दुसऱ्याच दिवशी टपालाने मतपत्रिका आल्या. देशाने युरोपियन युनियनमध्ये राहायचं की बाहेर पडायचं, हे विचारणाऱ्या. गंमत अशी की श्यामलाबाई या देशात उतरल्या त्याच वर्षी, भारतीय पासपोर्टवर, त्यांचं नाव मतदारयादीत लागलं होतं, कारण राष्ट्रकुलातल्या नागरिकांना इथे मत असतं. अकरा वर्षं इथल्या म्हाताऱ्यांची सेवा करणाऱ्या दनुताला मात्र या प्रश्नावर मत नव्हतं. "तू दे माझ्या वाटचं," ती हसून बाईंना म्हणाली होती.

मतपत्रिका आल्या तेव्हा बाई कैरीच्या फोडींना हळद-मीठ चोळत होत्या. हात मनगटापर्यंत पिवळे. ज्ञानेश्वरराव दारात येऊन म्हणाले, "अगं, हात धू आणि सही कर. जन्मतारीख घाल. बाकीचं मी बघतो."

बाईंनी हात धुतले, सही केली, तारीख घातली. कागदाच्या कडेला तरीही पिवळा अंगठा उमटलाच. ज्ञानेश्वररावांनी तो रुमालाने पुसला आणि कागद पाकिटात घातले. 'राहायचं' असं भरा हो, एवढं म्हणायला बाईंना अर्धं मिनिट पुरलं असतं. पण म्हणायचं कशाला? गेल्या हिवाळ्यात दनुताच्या नवऱ्याने यांचं गळकं छप्पर नीट करून दिलं होतं. त्यात विचारण्यासारखं काय आहे, असं त्यांना वाटलं.

विचारण्यासारखं होतं. ज्ञानेश्वररावांची थोरली बहीण सुमनताई साताऱ्याला असे. तिला एकदा इकडे यायचं होतं, भावाचं घर बघायला. दोनदा व्हिसा नाकारला गेला. घराचे उतारे, पेन्शनची कागदपत्रं, सगळं दाखवूनही नाकारला, आणि तिसऱ्यांदा अर्ज करण्याआधीच ती गेली. ज्ञानेश्वररावांनी ते मनाला फार लावून घेतलं होतं. "या लोकांनी पिशवी उचलली की यांना दार उघडं, आणि माझ्या सख्ख्या बहिणीला नाही," असं ते टीव्हीसमोर पुटपुटत. युरोपचं दार बंद झालं की आपल्या लोकांसाठी उघडेल, असं त्यांना मंदिरात कुणीतरी सांगितलं होतं. एरवी दूधवाल्यावरसुद्धा विश्वास न ठेवणाऱ्या माणसाने हे मात्र खरं मानलं.

निकालाच्या सकाळी रेडिओ लागला होता. श्यामलाबाई चहा गाळत होत्या. देश बाहेर पडणार, असं रेडिओवरची बाई म्हणाली आणि ज्ञानेश्वररावांनी टेबलावर थाप मारली.

"बघ! आपली दोन्ही मतं कामी आली."

"दोन्ही?" बाई म्हणाल्या.

पुढे काही बोलणं होण्याआधी बेल वाजली. दारात दनुता. डोळे लाल. पहाटे बसस्टॉपवर तिला कुणी अनोळखी माणूस म्हणाला होता, आता बॅग भर. ती आत आली आणि बाईंच्या गळ्यात पडून म्हणाली, "तू आमच्यासाठी मत दिलंस. मला माहीत आहे. निदान एक घर तरी आमच्या बाजूचं आहे."

ज्ञानेश्वरराव उठून जिना चढून गेले. आणि श्यामलाबाई, ज्यांनी आयुष्यात पोरांना वाढलेल्या बटाट्यांबद्दलही खोटं सांगितलं नव्हतं, त्या म्हणाल्या, "हो."

त्या एका 'हो'ने पुढची दोन वर्षं खाल्ली. नवऱ्याशी बाई भांडल्या नाहीत. सही आपली होती, मग भांडायचं कुठल्या तोंडाने? पण मंगळवार आला की त्या सकाळपासून घड्याळ बघत. दनुता समोर बसली की तिचा प्रत्येक शब्द त्यांना टोचे. आपण हिच्याविरुद्ध मत दिलं आणि वर हिच्या गळ्यात पडलो, याहून हलकं माणूस आणखी किती होणार? सांगून टाकावं असं वाटे आणि जीभ रेटत नसे. मग एका मंगळवारी त्यांनी डोकं दुखतंय म्हणून दार उघडलं नाही. पुढच्या मंगळवारी पाहुणे आहेत म्हणून. त्याच्या पुढच्या मंगळवारी काही न सांगताच. दनुता बेल वाजवी, थांबे, पुन्हा एकदा वाजवी आणि निघून जाई. बाई पडद्याआड उभ्या राहून तिची पाठ बघत.

काही आठवड्यांनी बेल वाजायची थांबली. बाईंना सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याच संध्याकाळी पोळ्या लाटताना त्या घळाघळा रडल्या.

२०१८ च्या शरदात दनुताच्या घरासमोर सामानाचा ट्रक लागला. ती निरोप घ्यायला आली, फाटकाच्या आत न येता. "आम्ही परत चाललो, लुब्लिनला." बाईंना विचारायचं होतं, माझ्यामुळे का? त्यांनी विचारलं, "प्रवास किती तासांचा?"

ज्ञानेश्वरराव २०२० मध्ये गेले. अंत्यविधीला दहाच माणसं, तीही लांब लांब उभी. त्यानंतर घरात बोलणं असं उरलं नाही. रविवारी लीड्सहून अनिशचा फोन येई. तो तिथल्या एका मोठ्या हॉस्पिटलमध्ये फार्मसिस्ट. "आई, तो घर विकून टाक ना. इकडे मूव्ह हो. मायरा पण तुला मिस करते," तो म्हणे. इथेच जन्मलेल्या पोराचं मराठी, पण मन साफ. बाई "बघू" म्हणत. मायरा फोनवर येई, "हाय आजी, लव्ह यू आजी," आणि जाई. मग पुढच्या रविवारपर्यंत बाईंचा आवाज त्यांनाच ऐकू येत नसे. दुकानात यंत्रासमोर सामान धरायचं, तेच यंत्र काय ते बोले.

दनुताशी संबंध म्हणजे व्हॉट्सॲपवर नाताळचं एक चित्र. दर वर्षी न चुकता येई. बाई उत्तरादाखल जोडलेले हात पाठवत. शब्द लिहायचा धीर झाला नाही.

२०२४ च्या जुलैत निवडणूक लागली. टपालाची व्यवस्था ज्ञानेश्वररावांबरोबरच बंद पडली होती, कारण तिचं नूतनीकरण करायचं असतं हे बाईंना ठाऊकच नव्हतं. अनिश म्हणाला, "आई, सिंपल आहे. चर्च हॉलमध्ये जायचं, आयडी म्हणून बस पास दाखवायचा." बाई पावणेअकरा वाजता निघाल्या. आत एक तरुण मुलगी बसली होती. तिने पासवरचा फोटो बघितला, यादीवर रेघ मारली आणि मतपत्रिका हातात दिली.

लाकडी आडोशामागे दोरीला बांधलेली बोटभर पेन्सिल होती. बाईंनी मतपत्रिका वरपासून खालपर्यंत वाचली. मग पुन्हा वाचली. बोट ठेवून दाखवणारं कुणी नव्हतं. त्यांनी आपल्या मनाने एका चौकोनात फुली मारली. एवढंसं होतं हे. एवढ्याशा कामासाठी आपण आयुष्यभर कुणाच्या तरी बोटाकडे बघत बसलो, याचा त्यांना आडोशामागेच इतका राग आला की मागच्या माणसाला खाकरावं लागलं.

घरी येऊन त्यांनी चप्पलही काढली नाही. दनुताचा नंबर लावला. आता सांगितलं नाही तर आपण हे बरोबर घेऊनच जाणार, हे त्यांना त्या पेन्सिलीपाशी कळून चुकलं होतं.

"श्यामला?" पलीकडून आवाज आला. "तू बरी आहेस ना?"

"बरी आहे. ऐक. त्या वेळी मी तुला खोटं बोलले. मतदानाच्या वेळी. आमची दोन्ही मतं तुमच्याविरुद्ध गेली. माझं पण. सही माझी होती." एका दमात सगळं सांगून बाई थांबल्या.

दनुता म्हणाली, "मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"दुसऱ्याच दिवशी कळलं. मी गाडी धूत होते. तुझा नवरा कुंपणापाशी आला. दोन्ही मतं मीच दिली म्हणाला, तिला काही ठाऊक नव्हतं. फार लाजला होता गं. म्हणाला, ती स्वतः सांगेल, तिला वेळ द्या. म्हणून मी काही बोलले नाही."

श्यामलाबाई जिन्याच्या पायरीवर बसल्या.

"मी येत राहिले," दनुता म्हणाली. "मला पडदा हलताना दिसायचा. मग मला वाटलं, हे मताचं नाही, दुसरंच काहीतरी आहे. माझंच काही चुकलं असेल. मी नवऱ्याला विचारायचे, मी हिला काय बोलले? इकडे आल्यावरसुद्धा विचारायचे."

"तुझं काही चुकलं नाही," बाई म्हणाल्या. "तुझं काहीच चुकलं नाही." याहून जास्त इंग्रजी त्यांना सुचेना, आणि त्या तेवढंच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या, जोवर पलीकडे दनुताही रडू लागली.

फोन ठेवल्यावर बाई तिथेच बसून राहिल्या. शेजारणीला ठाऊक होतं. तिच्या नवऱ्यालाही ठाऊक असणार. स्वतःची चूक कबूल करताना ज्याच्या घशात काटा अडके, त्या आपल्या माणसाने परक्या बाईपुढे जाऊन ती कबूल केली होती, आणि नंतर चार वर्षं बायकोसमोर जेवायला बसून तोंडातून ब्र काढला नव्हता. आणि बायकोने तरी त्याला कधी सांगितलं, की मंगळवारी मी दार का उघडत नाही?

"अहो, मला सांगायचं ना," श्यामलाबाई मोठ्याने म्हणाल्या. मग आणखी मोठ्याने म्हणाल्या. पन्नास वर्षांत त्या नवऱ्यावर आवाज चढवून पहिल्यांदाच बोलत होत्या, आणि ऐकायला घरात कुणीच नव्हतं.