याकिसोबा आणि माझा बुधवारचा उपवास

खराडीत मुलाच्या ऑफिसखालच्या हॉटेलात परतलेल्या कोबीचा आणि गोडसर सॉसचा वास आला, आणि मला धायरीचं आमचं स्वयंपाकघर आठवलं. जपानहून आलेल्या धाकट्या जावेने याकिसोबा केला होता. माझ्या शेवयांच्या उपम्याला कधी "बरा झालाय"च्या पुढे न गेलेल्या सासूबाईंनी त्या परतलेल्या नूडल्ससाठी दुसऱ्यांदा ताट पुढे केलं.

"ताई, तुम्हीही घ्या ना," जाऊ म्हणाली.

"माझा उपवास आहे."

"बुधवारचा?" सासूबाईंनी विचारलं.

मग हट्टाने दिवसभर केळ्यांवर राहिले.

आता हा प्रकार जगभर खातात म्हणे. आज मुलाने प्लेट पुढे सरकवली, तेव्हा पहिल्यांदा चाखला. सासूबाईंनी दुसऱ्यांदा का मागितला ते कळलं, आणि जावेचा नव्याने राग आला.