मातीचा खुळखुळा

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. जन्मभर शाळेत इतिहास शिकवलेल्या माणसाला ती शोभत नाही.

पैठणहून शहरात येणाऱ्या एसटीत खेड्यातली एक बाई माझ्या शेजारी बसली होती. मी मास्तर आहे हे कळताच तिनं पदरातून शेतात सापडलेला मातीचा खुळखुळा काढला, माझ्या कानाशी हलवला आणि खुदकन हसली.

"ऐका ना मास्तर, अजून वाजतो! हजारो वरसांमागं कुण्या मायनं लेकरू गप करायला केला असंल. म्युझियमात दाखवायला चालले."

पुढच्या सीटवरचं रडणारं बाळ त्या आवाजानं खरोखरच गप्प झालं. तिनं आनंदानं सीटवर थाप मारली. "बघा! लेकरं तवाबी अशीच!"

मी नीट न बघताच म्हणालो, "जत्रेतला आहे हा. हसतील तुम्हाला."

ती ओशाळली आणि शहरापर्यंत न येता वाटेत बिडकीनलाच उतरली.

महिन्याभरानं संग्रहालयात काचेआड हुबेहूब तसाच खुळखुळा दिसला, सातवाहनांच्या काळातला. कडेवर बोटांचे ठसेसुद्धा होते. मी हरखून ओरडलोच, "तिचा! अगदी तिच्याजवळच्यासारखा!" मग माझंच 'जत्रेतला आहे हा' आठवलं.

पुढं एकदा ती बिडकीनच्या स्टँडवर दिसली. मी धावत जाऊन खुळखुळ्याचं विचारलं.

"तो व्हय? नातवानं कवाच फोडला. पण मास्तर, लई उपकार झाले तुमचे. नायतर शहरात हसं झालं असतं माझं."

माफीचे शब्द ओठांवर होते. मी म्हणालो, "असू द्या."