आप्पांचं पान

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्याला तोंडावर खोटारडा म्हणणारा मी माणूस. शाळेत विज्ञान शिकवतो, अमावास्येला नारळ फोडत नाही आणि या सदरातले अनुभव आजवर हसण्यासाठीच वाचत आलो. आता माझंच लिहिलेलं इथे बघून शहापुरातले निम्मे लोक पोट धरून हसतील... हसू देत. घडलं तसं लिहितो.

आम्ही बेळगावच्या शहापूरचे, विणकर. माझे थोरले काका — घरात सगळे त्यांना आप्पा म्हणत — पहिल्या महायुद्धात बसऱ्याच्या आघाडीवर गेले. मी तेव्हा रांगत होतो. ते परत आले नाहीत. सरकारी कागदावर ‘बेपत्ता’ एवढंच. निपाणीकडचा त्यांचा एक सोबती मात्र सुखरूप परतला आणि त्यांची वही घरी देऊन गेला. वहीत त्यांनी लढाईवर रचलेली एक कविता होती. तिचा शेवट असा —

तुटला धागा तसाच ठेव, गाठ मारू नको
सांधायला मीच येईन, सखे, धीर सोडू नको

आमची काकू, म्हणजे आक्का, हे धरून बसली. तीस वर्षं कुंकू लावलं. पितृपंधरवड्यात आजोबा-पणजोबांची पानं वाढली जायची, आप्पांचं कधीच नाही. कुणी विषय काढला की म्हणायची, “जित्या मानसाचं पान वाढत न्हाईत.” पुढे बोलायची कुणाची टाप नव्हती. हळदीकुंकवाला मात्र तिला कुणी बोलवत नसे. सवाष्ण नाही, विधवा नाही, अशी ती अधांतरीच राहिली. मला याचा फार राग यायचा — तिचा नव्हे, लोकांचा.

गेल्या साली माझ्या मित्राला, वसंताला, विलायतेला परतणाऱ्या एका साहेबाकडून चावीचा सिनेमा कॅमेरा मिळाला. मुकी चित्रं घेणारा. वसंताचा खडेबाजारात फोटो स्टुडिओ आहे. कॅमेरा बघून माझ्या डोक्यात किडा वळवळला — आप्पांच्या कवितेवर दहा मिनिटांची फिल्म काढायची! बसरा कुठून आणणार? म्हणून काळ आजचा घेतला, नुकतीच संपलेली लढाई. आणि शहाणपणा करून शेवटही बदलला. माझा शिपाई घरी येतो, दारात उभा राहून मागाकडे बघतो, संपलं.

आक्काला सांगितलं तेव्हा ती मागासाठी सुताच्या कांड्या भरता भरता थांबली.

“एका लढाईतनं आजून आलं न्हाईत, आनि तू त्यास्नी दुसऱ्या लढाईवर धाडतोस व्हय रं?”

मी खाली घरंगळलेली एक कांडी उचलून तिच्या टोपलीत टाकली.

मग तिनंच विचारलं, “शेवटाला घरी येत्यात म्हनालास न्हवं?”

“येतात.”

“मग काढ.”

शिपाई झाला तुकाराम. कणकुंबीचा शेतकरी गडी, नुकताच पलटणीतून सुटलेला. वर्दी त्याची स्वतःची होती, त्याला घेण्याचं मुख्य कारण तेच! मागाचं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. आदल्या दिवशी आडवा धागा नेणारा लाकडी धोटा हातात घेऊन, “ही काय नाव हाय का गुरुजी?” म्हणाला होता.

सकाळी दहाला छपराची चार कौलं काढून मागावर उजेड पाडला. वसंतानं कॅमेऱ्याला चावी दिली. तुकारामानं फक्त दारात उभं राहायचं होतं. तो उभा राहिला... आणि सरळ चालत आत आला. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसला. ताण्यातला एक धागा तुटला होता, तो त्यानं डाव्या हातानं उचलला, बोट ओठांना लावून ओलं केलं, गाठ मारली आणि उरलेलं टोक दातानं तोडलं.

फिल्म वाया चालली म्हणून मी ओरडत होतो. मागे आक्काच्या हातातली कांड्यांची टोपली खाली पडली.

“दातानं सूत तोडू नगंस म्हनून सासूबाई रोज वरडायच्या त्यास्नी,” ती म्हणाली.

आप्पा डावरे होते, हे मला त्या दिवशी कळलं. तुकाराम उजवा. तो घामाघूम होऊन म्हणाला, “मी दारातच हुतो की! आत कवा गेलतो?” पुढे मी त्याला चहा पाजून विचारलं, दरडावून विचारलं. उत्तर तेच.

फिल्म मुंबईहून धुऊन यायला दीड महिना लागला. स्टुडिओच्या खिडक्यांना घोंगडी लावून भर दुपारी ती भिंतीवर पाहिली. तोच प्रसंग आला. तो गाठ मारतो, टोक तोडतो आणि मान वळवून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघतो. त्याचे ओठ हलतात.

चित्र घेताना मी त्याच्यापासून तीन हातांवर होतो. तो एक अक्षरही बोलला नव्हता, देवाशपथ — माझ्या तोंडी ही शपथ शोभत नाही, पण दुसरी सुचत नाही.

“परत लाव,” आक्का म्हणाली. वसंतानं लावली. तिसऱ्या वेळी त्या ओठांबरोबर तिचेही ओठ हलले.

“वाढ गं.”

दुपारी मागावरून उठताना आप्पा रोज एवढंच म्हणायचे आणि हात धुवायला जायचे.

तिनं अंधारात माझं मनगट घट्ट धरलं. “भूक लागलीया त्यास्नी. सासऱ्यांचं वाढलं, आजेसासऱ्यांचं वाढलं... आनि माझ्याच मानसाला तीस वरसं दारात उपाशी उभं केलं रं मी!” मग ती अशी रडली की मशीन बंद करायचं वसंताला सुचेना. मलाही रडू आलं, लपवत नाही.

तुकारामाला कुणी शिकवलं म्हणावं, तर आप्पांची ही सवय ठाऊक असलेलं घरात आक्काशिवाय कुणी उरलेलं नाही, आणि ती त्याच्याशी तोवर चकार शब्द बोलली नव्हती. ती गाठ विणकामात गेली, ते लुगडं विकलंही गेलं. फिल्म वसंताच्या कपाटात आहे, ओठ अजून हलतात. मी विज्ञानाची पुस्तकं चाळली, मला उत्तर सापडलेलं नाही.

त्याच सालच्या पितृपंधरवड्यात आप्पांचं पान वाढलं. त्यांना मूलबाळ नाही, म्हणून बोटात दर्भ घालून मीच बसलो, ज्याचा कशावर विश्वास नाही तो. आक्कानं सकाळी स्वतःच कपाळ पुसलं होतं. कावळा शिवला का, असं विचाराल. मी पाहिलं नाही, कारण मी आक्काकडे बघत होतो. सगळं वाढून झाल्यावरही ती भाताचं पातेलं घेऊन पानाशी बसून राहिली, आणि समोरच्या रिकाम्या पाटाला हळूच विचारलं, “आजून वाढू?”